मोटरहोमच्या पाठीवरची बग्गी

बग्गी आली तेव्हा सुप्रभा स्वयंपाकघरात बसून दुधी किसत होती. खिडकीतून तिने एकदा बाहेर पाहिलं. ड्राइव्हवेवर एकाच माणसाने बसायची, लाल रंगाची गोल्फची बग्गी उभी होती आणि तिच्याशेजारी दोन्ही हात कमरेवर ठेवून तिचा नवरा उभा होता. सुप्रभाने पुन्हा दुधीत मान घातली.

"बघितलीस का?" पुरुषोत्तम आत येत म्हणाले. "सेकंडहॅन्ड आहे, पण बॅटरी नवी आहे. अजिबात आवाज करत नाही."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? मी कधी गोल्फ खेळलोय? तुझ्यासाठी. मोटरहोमच्या मागे रॅक लावून घ्यायचा, त्यावर ही चढवायची आणि जीनकडे जायचं."

"अहो, मला विचारायचंत तरी."

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस," पुरुषोत्तम म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं.

नको म्हणायची ही सवय सुप्रभाला अलीकडेच लागली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं असं सर्जन म्हणाला, आणि जन्मभर हॉस्पिटलात भूल देण्याचं काम केलेल्या सुप्रभाला सर्जनच्या तोंडच्या 'चांगलं'चा अर्थ नीट ठाऊक होता. दुखणं गेलं, पण जाताना डावं पाऊल घेऊन गेलं. पाऊल होतं जागच्या जागी, फक्त उचल म्हटलं की ऐकायचं नाही. बुटात प्लास्टिकची पट्टी घालून ती घरातल्या घरात फिरे, उभी राही, पण गल्लीच्या टोकाच्या पोस्टबॉक्सपर्यंत जायचं म्हणजे तिला काशीयात्रा वाटे.

आणि गोल्फ म्हणजे नव्वद टक्के चालणं. बॉल मारायला क्षणभर पुरतो, बाकी सगळा वेळ त्याच्यामागे पायपीट. सुप्रभाला या खेळाची चटक लावली ती जीनने. जीन त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. ऐंशीच्या दशकात मिरजेहून इंग्लंडात नवीन आलेली ही डॉक्टर ड्यूटी संपली की धावत घरी जाते, घरच्या पाहुण्यांना जेवायला वाढते आणि पुन्हा धावत ड्यूटीवर येते हे बघून जीनला तिची दया आली असावी. एका गुरुवारी तिने सुप्रभाला गाडीत घातलं आणि थेट गोल्फच्या मैदानावर नेऊन उभं केलं. तिथे कोणी चहा मागत नव्हतं, कोणी जेवायला थांबलेलं नव्हतं, नुसतं गवत आणि आकाश. सुप्रभाचा पहिला बॉल चार पावलांवर जाऊन पडला आणि तिला इतका आनंद झाला की जीनलाच तिची भीती वाटली.

पुढे जीन रिटायर होऊन आपल्या गावी, पार उत्तरेला नॉर्थम्बरलँडच्या समुद्रकाठी गेली. तिथे नऊ होल्सचं एक लहानसं मैदान होतं. दरवर्षी ऑगस्टमधल्या एका गुरुवारी दोघी तिथे खेळायच्या. ऑपरेशननंतरची दोन वर्षं तेही बंद पडलं. क्लब इतका छोटा की भाड्याने बग्गी मिळायचा प्रश्नच नव्हता. चहाची किटली होती हेच खूप.

यंदा जुलैत जीनचा फोन आला. गुरुवार ठरवून ठेवलाय, येणार की नाही एवढंच सांग, म्हणाली. सुप्रभाच्या तोंडून हो निघून गेलं. "पण तीनच होल्स खेळेन," ती म्हणाली. "आणि यंदा जमलं नाही तर जीन, मी माझे गोल्फचे क्लब्ज चॅरिटी शॉपला देऊन टाकणार. कपाट उघडलं की ते दिसतात आणि दिवस वाईट जातो."

पुरुषोत्तम शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी ते ऐकलं. आठवड्याने बग्गी घेऊन आले.

आता पुरुषोत्तमांविषयी सांगायला हवं. हा माणूस लंडनच्या हॅरोमध्ये तीस वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होता आणि त्याच्या दवाखान्यात कधीही, कोणाचीही, वेळेवर पाळी आली नाही. कारण येईल त्याचं ते सगळं ऐकून घ्यायचे. गुडघा दाखवायला आलेला माणूस सुनेची कागाळी सांगून, तिच्या पासपोर्टच्या अर्जावर सही घेऊन, वर जेवायला बोलावणं घेऊन जायचा. लोकांना डॉक्टर देवमाणूस वाटत. सुप्रभालाही वाटत, पण देवाच्या बायकोचे हाल कोणी विचारत नाही. गोल्फच्या लेडीज कपची फायनल होती त्या गुरुवारी घरी कोणाच्या तरी मुलीचा दाखवायचा कार्यक्रम ठेवलेला निघाला. "त्यांच्याकडे जागा नाही गं," पुरुषोत्तम म्हणाले होते. सुप्रभाने फायनल सोडली आणि पोहे केले. भीड ही भिकेची बहीण, असं तिची आई म्हणायची. आपल्या घरी ती बहीण कायमची मुक्कामाला आहे हे सुप्रभाने लग्नानंतर लवकरच ओळखलं होतं.

तर या माणसाने बग्गीचा विषय मात्र फारच मनावर घेतला. रॅक बसवून घेतला, मागे जास्तीचे दिवे आणि नंबरप्लेट लावून घेतली, बग्गी चढवायला दोन फळ्यांचा घडीचा उतार आणला. मग प्रश्न वजनाचा. सत्तरी उलटल्यावर त्यांनी मोठ्या गाडीचं लायसन्स सोडून दिलं होतं, त्यामुळे मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली ती घरवजा गाडी, सगळ्या सामानासकट, माणसांसकट साडेतीन टनांच्या आत राहायला हवी होती. आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

"बाबा, नुसता टोटल वेट बघू नका," बेसिंगस्टोकहून ऋजुता व्हिडिओ कॉलवर म्हणाली. मुलगी तिथे सॉफ्टवेअरमध्ये होती, आणि तिचं मराठी आईवडिलांना समजावं इतपतच होतं. "तुमचा बग्गी मागच्या व्हील्सच्या पण मागे लटकते ना? म्हणून त्याची वेट आहे त्यापेक्षा जास्त काउंट होतो. आणि फ्रंट वर उचलला जातो."

"म्हणजे वाटीत मोठा डाव ठेवल्यासारखं," सुप्रभा म्हणाली. "दांड्याच्या भाराने वाटीच कलंडते."

"एक्झॅक्टली, आई. सो मागे काहीच ठेवू नका. प्लीज."

पुरुषोत्तमांनी शब्दशः पाळलं. बाहेर लावायचा तंबू काढला, घडीचं टेबल काढलं, जास्तीच्या खुर्च्या काढल्या. पाण्याची टाकी जेमतेम तोंड धुण्यापुरती भरायची ठरली. सुप्रभाने चार साड्या घेतल्या तर त्यांनी तिला बाथरूममधल्या काट्यावर बॅगेसकट उभं केलं आणि दोन साड्या परत कपाटात गेल्या. मग बग्गी लादून, दोघं आत बसून, वजनकाट्यावर जाऊन आले. गाडी मर्यादेच्या आत होती, पण अगदी काठावर.

"आता यापुढे एक भांडंसुद्धा चढणार नाही," ते म्हणाले. सुप्रभाला त्यांचं कौतुक वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने कपाट उघडून क्लब्ज बाहेर काढले आणि ओल्या फडक्याने पुसले.

त्यानंतर पुरुषोत्तम वेम्बलीला मराठी मंडळाच्या बैठकीला गेले आणि चहा पिता पिता बोलून बसले, "आम्ही नॉर्थम्बरलँडला चाललोय. मोटरहोमने."

चार मराठी माणसांत बसून असं बोलायचं नसतं हे त्यांना एव्हाना कळायला हवं होतं. परदेशातल्या मराठी माणसाला कोणी कुठे निघालेला दिसला की त्या दिशेला राहणारा आपला एक तरी नातलग आठवतो, आणि त्या नातलगाला काय काय मिळत नसेल तेही आठवतं. त्यात गणपती तोंडावर आलेले. मंडळाच्या सेक्रेटरी सुनीतीताई, त्यांचा भाचा अंशुमन न्यूकॅसलला शिकत होता आणि आरत्यांना त्याच्याजवळ पेटी नव्हती. कोणाची पुतणी डरहॅमला, तिला दगडी खलबत्ता हवा होता. लीड्सच्या मंजिरीला तिच्या सासूने मोदकपात्र आणि ईलिंग रोडवरून घेतलेलं आंबेमोहोराचं पोतं पाठवलं. शिवाय भाजणी, गोडा मसाला, नारळ, पितळी समया.

"जाताच आहात वाटेने, तर एवढं एक न्या हो," प्रत्येकजण म्हणाला. "एवढंसंच आहे."

आणि ज्या माणसाने बायकोच्या दोन साड्या उतरवल्या होत्या, त्याने हे सगळं घेतलं. थेंबे थेंबे तळे साचे हे त्यांना शाळेत शिकवलेलं होतं, पण बहुधा त्या धड्यात खलबत्ता नव्हता. सगळं सामान त्यांनी बिछान्याखालच्या मागच्या कप्प्यात नीट रचलं, म्हणजे नेमकं जिथे काही ठेवू नका असं ऋजुताने बजावलं होतं तिथे.

"अहो, वजनाचं काय?" सुप्रभाने विचारलं.

"डब्याबिब्यांचं असं काय वजन असतं गं? आणि नाही कसं म्हणायचं? सणासुदीचं आहे."

सुप्रभा फार बोलली नाही. खरं म्हणजे या बाबतीत बोलायला तिला तोंड नव्हतं, पण ते पुढे येईलच.

बुधवारी सकाळी दोघं निघाले. गुरुवारचा खेळ होता, रात्री जीनकडे मुक्काम. हवा छान होती. आरशात मागे लाल बग्गीचं टोक दिसत होतं आणि सुप्रभाचं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे जात होतं. आपण खरंच खेळायला चाललोय हे तिला अजून पुरतं खरं वाटत नव्हतं. पुरुषोत्तमांचं मात्र लक्ष स्टिअरिंगकडे होतं.

"गाडी आज जरा तरंगल्यासारखी चाललीय," ते म्हणाले.

डॉन्कास्टरच्या पुढे पिवळी जॅकेटं घातलेल्या लोकांनी हात दाखवून गाड्या बाजूला घेतल्या होत्या. वजनाची तपासणी होती. मोटरहोमची आधी पुढची चाकं काट्यावर गेली, मग मागची. केस घट्ट बांधलेली एक तरुण अधिकारी हातातल्या यंत्राकडे बघत जवळ आली. बोलली अगदी अदबीने.

"मागच्या चाकांवर मर्यादेपेक्षा बराच भार आहे आणि पुढची चाकं फार हलकी झाली आहेत. ब्रेक मारलात तर गाडी ऐकणार नाही. भार कमी केल्याशिवाय मला तुम्हाला इथून जाऊ देता येणार नाही." मग तिने मागे वळून बग्गीकडे पाहिलं. "ती उतरवलीत तर बहुतेक काम होईल."

पुरुषोत्तम पांढरे पडले. सुप्रभा काठी टेकत पायरीवरून खाली उतरली आणि बग्गीला हात लावून उभी राहिली. तिला राग आला नाही. राग यायला आधी आशा पक्की असावी लागते. तिला फक्त सगळं ओळखीचं वाटलं. पेटी सुनीतीताईंची, समया अमक्यांच्या, तांदूळ तमक्यांचा, आणि यांच्यात उतरवता येण्यासारखी गोष्ट एकच, ती सुप्रभाची. चाळीस वर्षं घरात हेच होत आलं होतं. ते कोणाला नाही म्हणू शकणार नाहीत. मग शेवटी आपणच म्हणायचं, म्हणजे निदान ते आपल्या तोंडून तरी निघालं असं होतं.

"बग्गी उतरवा," ती म्हणाली. "जवळपास कुठे स्टोरेज असेल. येताना घेऊ."

"आणि उद्या?"

"उद्या मी जीनच्या व्हरांड्यात बसेन. चहा पिऊ, गप्पा मारू. तेही काही वाईट नाही."

एवढं बोलून तिने मान फिरवली, कारण बोलताना तिचा आवाज फाटला होता आणि तो त्यांनी ऐकावा अशी तिची इच्छा नव्हती. त्यांनी ऐकला. ते गाडीच्या पायरीवर जाऊन बसले आणि फोन काढला. फोन कानाला लावला की त्यांना नीट ऐकू येत नसे, म्हणून तो कायम स्पीकरवर असे.

"सुनीतीताई, मी पुरुषोत्तम. तुमची पेटी न्यूकॅसलला पोचणार नाही."

"अय्या, का हो? ऑल ओके ना?"

"गाडी ओव्हरवेट झालीय, तपासणीत थांबवलंय आम्हाला. लीड्सच्या मंजिरीला सामान घ्यायला बोलावतोय. अंशुमनला म्हणावं तिच्याकडून घेऊन जा."

"अहो, पण लीड्स त्याला केवढं लांब पडेल! आणि पेटी काही जड नाहीये हो. तुमचा तो गोल्फचा गाडा आहे ना, तो उतरवा की. गोल्फ काय, कधीही खेळता येतं. गणपती वर्षातून एकदाच येतात."

सुप्रभाने डोळे मिटले. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. बरं बरं, तुम्ही म्हणता तेही खरंच आहे, बघतो काहीतरी. हे वाक्य तिने जेवणाच्या टेबलावर ऐकलं होतं, लेबर रूमच्या बाहेर ऐकलं होतं, हनिमूनला महाबळेश्वरला पोस्टातल्या ट्रंक कॉलवर ऐकलं होतं.

"नाही," पुरुषोत्तम म्हणाले.

बोलल्यावर ते स्वतःच क्षणभर थांबले, जणू आता काय होतं ते बघायला. काहीच झालं नाही. शेजारून ट्रक जात होते तसेच जात राहिले.

"पेटी उतरणार, बग्गी नाही उतरणार," ते म्हणाले. "सुप्रभा उद्या खेळणार आहे. दोन वर्षं ती त्या घरात माझ्यासमोर बसून आहे, सुनीतीताई, आणि मी नुसता बघतोय. तुमची पेटी मी घ्यायलाच नको होती. चूक माझी आहे, तुमची नाही."

"बरं," सुनीतीताई म्हणाल्या. आवाजात रुसवा होता, आणि तो गौरी जेवून परत जाईपर्यंत टिकणार हे दोघांनाही कळलं. "बघा मग, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

फोन ठेवला तेव्हा पुरुषोत्तमांच्या कपाळाला घाम आला होता. हजारो माणसांना नाना रोगांची नावं शांतपणे सांगितलेला हा माणूस एका पेटीपायी घामाघूम झाला होता. सुप्रभाला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्यासाठी हा माणूस दुसऱ्या कोणाच्या मनातून उतरायला तयार झालाय हे ती पहिल्यांदा बघत होती. तिने त्याचा हात धरला नाही, लोक बघत होते. पण ती जाऊन त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

"पुढचा फोन लावा," ती म्हणाली. "खलबत्तेवाल्यांना."

मंजिरी नवऱ्याला, नकुलला घेऊन तासाभरात लांबलचक डिकीच्या इस्टेट कारने आली. मंजिरी पुण्याची, लीड्सला बँकेत कामाला, स्वभावाने वादळ. तिने मोदकपात्र, पोतं, पेटी, समया, सगळं भराभर आपल्या गाडीत टाकलं. "काका, मला आधी नाही का सांगायचं? मी व्हॉट्सॲप ग्रुप करते, ज्याचं त्याने माझ्या गॅरेजमधून पिकअप करायचं. सिंपल." आणि मग मागच्या सीटवरून भलामोठा स्टीलचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. "पॅटिस आहेत. इतक्या लांबून आलायत, रिकाम्या हाताने कशी येऊ?"

पुरुषोत्तमांनी डब्याकडे पाहिलं, मग त्या अधिकारी बाईकडे पाहिलं. डबा गाडीत जाणं शक्य नव्हतं. तेव्हा तो तिथेच उघडला गेला. अधिकारी बाई आधी ड्यूटीवर आहे म्हणाली आणि मग दोन घेतले. सुप्रभाने तीन खाल्ले. पोटात गेलं तरी वजन गाडीतच राहणार, असं नकुल म्हणाला, त्यावर पुरुषोत्तमांनी त्याला गंभीरपणे समजावलं की आपण पुढे बसतो, त्यामुळे ते पुढच्या चाकांवर जाईल आणि उलट बरंच होईल.

मोटरहोम पुन्हा काट्यावर गेली. अधिकारी बाईने यंत्र पाहिलं आणि ओठ आवळले.

"जवळ आलात. पण अजून थोडं जास्त आहे."

"शक्यच नाही," पुरुषोत्तम म्हणाले. "कप्पा रिकामा आहे. निघण्याआधी घराजवळच्या काट्यावर वजन केलं होतं मी. लोकांचं सगळं उतरवलं, आता आत फक्त आमचं आहे."

सुप्रभाने घसा खाकरला.

"माझ्या बाजूच्या बिछान्याखाली बघा," ती म्हणाली.

पुरुषोत्तम आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या एका हातात पुरणपोळीचा बिडाचा तवा होता आणि दुसऱ्या हातात पितळी पुरणयंत्र. मग पुन्हा आत जाऊन त्यांनी हरभऱ्याची डाळ, गुळाची ढेप, तुपाचा डबा आणि लोणच्याची चिनी मातीची बरणी आणली. गवतावर मांडल्यावर ते सगळं एखाद्या रुखवतासारखं दिसत होतं.

"जीनला पुरणपोळी आवडते," सुप्रभा म्हणाली. तिचे कान तापले होते. "दोन वर्षांनी जातेय मी तिच्याकडे. हात हलवत जाऊ?"

"मी तुझ्या साड्यांचं वजन केलं म्हणून आठ दिवस बोलत होतीस."

"साड्या हलक्या असतात, म्हणून बोलत होते."

पुरुषोत्तम हसायला लागले. इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं, आणि मग सुप्रभाही हसली, आणि मंजिरीने रुखवत उचलून आपल्या गाडीत नेलं. बरणी उचलताना सुप्रभाच्या जिवावर आलं. जीनच्या दारात आजपर्यंत ती रिकाम्या हाताने कधी गेली नव्हती. पण तिने बरणी सोडली. तिच्यासाठी नवऱ्याने मंडळाच्या सेक्रेटरीचा रुसवा पत्करला होता, तर तिने निदान लोणचं तरी सोडायला हवं होतं.

तिसऱ्या वेळी गाडी काट्यावर पास झाली. अधिकारी बाईने समज देऊन सोडलं आणि जाता जाता बग्गीच्या पट्ट्या एकदा ओढून बघितल्या. "उद्यासाठी शुभेच्छा," ती सुप्रभाला म्हणाली.

जीनकडे पोचायला संध्याकाळ झाली. दारातच सुप्रभाने आपण काही आणू शकलो नाही म्हणून माफी मागितली. जीन बग्गीभोवती एक फेरी मारून आली, लाल रंग फार भडक आहे म्हणाली, आणि सूप गरम करायला आत गेली. तीही आता ऐंशीला टेकली होती, पण चालण्यात तोच थिएटर सिस्टरचा झपाटा होता.

गुरुवारी सकाळी समुद्रावरून वारा येत होता, पण पाऊस नव्हता. गाड्या लावायच्या जागी पुरुषोत्तमांनी फळ्यांचा उतार लावला, पट्ट्या सोडल्या आणि बग्गी खाली घेतली. सुप्रभा बसली. क्लब्जची बॅग मागे अडकवली. तिसरं होल फिरून पुन्हा याच कुंपणाजवळ येत होतं, तेव्हा बेत असा होता की तीन होल्स झाली की ती इथेच येईल, बग्गी चढवायची आणि मग घरी जाऊन चहा. पुरुषोत्तम उताराशेजारी खुर्चीवर बसून राहणार होते.

पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला बॉल मारायचा त्या जागी, सुप्रभा उतरली. काठी जीनच्या हातात दिली, पाय रोवले आणि क्लब फिरवला. बॉल चार पावलांवर जाऊन पडला. जीनने आकाशात काहीतरी बघितल्यासारखं केलं. सुप्रभा बग्गीत बसून चार पावलं गेली, उतरली, पुन्हा मारला. या खेपेला तो बरा गेला. तिसऱ्या फटक्याला हाताला ती जुनी ओळख लागली, बॉल मधोमध लागल्याचा तो स्वच्छ आवाज आला, आणि तो उठून, वाऱ्याला छेदून, दूर हिरवळीवर उतरला. सुप्रभाने बग्गी चालू केली आणि त्याच्यामागे निघाली. दोन वर्षांत ती इतक्या वेगाने स्वतःच्या मर्जीने कुठेही गेली नव्हती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वाऱ्यामुळे येतंय असं म्हणायची तिला काही गरज वाटली नाही.

दुसरं होल झालं. तिसरंही झालं. दोन्ही होल्स हरली, पण जीनला घाम फोडून हरली. कुंपणापलीकडे पुरुषोत्तम उभे होते. त्यांनी उतार कधीचा नीट लावून ठेवला होता, पट्ट्या हातात घेतल्या होत्या, आणि ती दिसताच त्यांनी हात वर केला.

सुप्रभा बग्गी थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. पाय दुखत नव्हता. चौथी टी टेकडीवर होती, तिथून समुद्र पूर्ण दिसे, हे तिला आठवत होतं. जीन तिकडे चालायला लागलीही होती.

तिने हँडल वळवलं. टेकडीच्या दिशेने थोडं चढल्यावर ती थांबली आणि मागे वळून नवऱ्याला हाक मारली.

"अहो, तो उतार मिटून ठेवा. मी पुढे होते, तुम्ही या चालत."